फुकट कामाला मनाई

लोर्ना हाउतालाला झाकण दिसलं की ते उचलून आत डोकवायची सवय होती. मग ते शेजारणीच्या चुलीवरचं पातेलं असो, चर्चच्या तळघरातली जुनी पेटी असो, की नवऱ्याच्या, म्हणजे रॉडच्या, ट्रकचं बॉनेट असो. लहानपणी तिने आजीच्या खुडूक कोंबडीखालची अंडी रोज उचलून कानाला लावून पाहिली होती आणि त्या पाहण्यापायीच त्यातली निम्मी वाया घालवली होती. आजीने एक चापट मारली आणि वर सांगितलं, "बघायचंय तर बघ, पण हात कधी लावायचा तेही शीक." पुढे ती सरकारी हॅचरीत, म्हणजे मासे उबवायच्या केंद्रात, ट्राउट माशांची अंडी सांभाळायला लागली तेव्हा गाव म्हणालं, सरकारने आयुष्यात एकदा तरी योग्य माणूस योग्य जागी बसवला.

गाव सुपीरियर सरोवराच्या दक्षिण काठावरचं. पणजोबा-खापरपणजोबा फिनलंडहून खाणीत कामाला आलेले. खाणी संपल्या, माणसं मात्र तिथेच राहिली. लाकूडतोड, थोडी शेती, थोडी मासेमारी, आणि ज्याचं नशीब चांगलं त्याला सरकारी नोकरी. हॅचरी ओढ्याच्या वळणावर, आणि तिच्या खालच्या अंगाला पाच मिनिटांवर लोर्नाचं घर. घरामागे सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची लाकडी खोली. हॅचरीतून बाहेर पडणारं पाणी एका चरातून त्या सौनाच्या दारावरून जायचं आणि पुढे ओढ्याला मिळायचं. ते वाहतं पाणी कितीही थंडी पडली तरी गोठायचं नाही, म्हणून सौनाच्या बादल्या लोर्ना तिथेच भरायची.

अंड्यांचं काम बघणाऱ्याला सोपं वाटतं. ऑक्टोबरात मादीची अंडी काढायची, ट्रेमध्ये पसरायची, वर झाकण, खालून थंड पाणी खेळतं. मग कितीतरी आठवडे त्यांना बोटसुद्धा लावायचं नाही. डिसेंबरात एके दिवशी प्रत्येक केशरी मण्यात दोन काळे ठिपके दिसतात. ते डोळे. डोळे आले की धक्का द्यायचा. ट्रेमधली अंडी कमरेइतक्या उंचीवरून पाण्याच्या बादलीत सरळ ओतायची. नवीन माणूस ते बघून डोळे मिटून घेतो. पण ज्यात जीव आहे ते अंडं तो धक्का सोसतं, आणि ज्यात नाही ते दुसऱ्या दिवसापर्यंत उकडल्यासारखं पांढरं होतं. मग ती पांढरी अंडी रबरी फुग्याच्या नळीने एकेक करून वेचून काढायची. नाही काढली तर त्यांच्यावर कापसासारखी बुरशी धरते, आणि कापूस शेजारच्या जिवंत अंड्याला मिठी मारतो. बघता बघता सगळा ट्रे जातो.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी लोर्नाने ख्रिसमसच्या तोंडावर एका शुक्रवारी सगळ्या ट्रेंना धक्का दिला. त्याच रात्री वॉशिंग्टनमध्ये खर्चाच्या कागदावर सही झाली नाही, म्हणून पगाराला पैसा उरला नाही आणि सरकार बंद पडलं.

लोर्नाने ते सकाळी रेडिओवर ऐकलं, कॉफी संपवली आणि डबा घेऊन कामावर गेली. तिला वाटलं, बंद म्हणजे ऑफिस बंद. अंडी थोडीच बंद पडतात? शनिवार गेला. रविवारी चर्चमधून ती तशीच चांगल्या कपड्यांत तिकडे गेली. शनिवार-रविवारचे पैसे मिळणार नाहीत हे तिला ठाऊक होतं, पण तिच्या लेखी ती मोठी गोष्ट नव्हती. तिच्या गावात कुणाचं धान्याचं कोठार जळालं, कुणाच्या छपरावर बर्फ साचलं, की लोक इर्जिक करतात. दिवसभर राबायचं, घरधन्याने कॉफी आणि वेलदोडा घातलेला गोड पाव द्यायचा, संपलं. मजुरीचा विषय काढणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर दार आपटणं.

सोमवारी सकाळी गॅरेट प्रुइट अंड्यांच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. टोपी हातात. गॅरेट हॅचरीचा मॅनेजर, वयाने लोर्नाच्या थोरल्या भाच्याएवढा. उन्हाळ्यातच आर्कान्सासहून बदलून आलेला. तिकडे त्याने गरम तळ्यातले मासे वाढवले होते. थंडीची त्याला सवय नव्हती आणि वडीलधाऱ्या बाईला मॅडम म्हटल्याशिवाय त्याचं वाक्य सुरू होत नसे.

"मॅडम, तुम्ही इथे नाही आहात," तो म्हणाला.

लोर्नाने नळी खाली ठेवली नाही. "मग कुठे आहे मी?"

"घरी. शुक्रवारपासून. तुम्हाला बिनपगारी घरी बसवलंय."

"बरं झालं सांगितलंस. पगार नकोय मला. रॉडसुद्धा घरीच लोळतोय, त्याच्या घोरण्यापेक्षा हे बरं."

"पगार नको म्हणताय, तीच तर पंचाईत आहे."

मग त्याने दाराला टेकून सगळं सांगितलं. कायदा जुना होता. सरकारला कुणाकडूनही फुकट काम करून घेता येत नाही. ज्याला घरी बसवलंय त्याने हौसेने जरी बोट हलवलं तरी त्याची नोकरी धोक्यात, आणि हलवू देणाऱ्या साहेबाची तर आधी. वरच्या कचेरीतून त्याला तीनतीनदा बजावलं होतं. जिवंत प्राणी सांभाळायला एक माणूस ठेवायची परवानगी होती, आणि तो माणूस म्हणजे तो स्वतः.

"मग तुझा पगार चालू आहे?" लोर्नाने विचारलं.

"नाही. नंतर देतील म्हणतात."

लोर्नाला राग आला नाही. एखाद्या बंद पेटीत काय असेल याचा विचार करताना व्हायचा तसा तिचा चेहरा झाला. म्हणजे एकाने फुकट काम केलंच पाहिजे, आणि दुसरीने फुकट काम करताच कामा नये. हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्या माणसाला एकदा जवळून बघायला हवं, असं ती पुढे कित्येक दिवस म्हणायची. भेटला तर तिला त्याच्यावर ओरडायचं नव्हतं, फक्त विचारायचं होतं.

गॅरेटने जमिनीकडे बघत किल्ली मागितली. तिने जुडग्यातून ती काढून दिली. निम्म्याहून जास्त ट्रे अजून वेचायचे राहिले होते, हे दोघांनाही माहीत होतं.

घरी रॉड स्वयंपाकघरात बसून ट्रकचा आरसा दुरुस्त करत होता. रॉड लाकडाचे ओंडके वाहायचा. ओंडके सरकारी जंगलातले, आणि कुठली झाडं तोडायची ते ठरवणारी कचेरीही बंद पडलेली. तोड थांबली, ट्रक थांबला. बायको अंड्यांची, नवरा लाकडांचा, पण दोघांची दोरी एकाच खुंटीला हे लोर्नाच्या त्या दिवशी पहिल्यांदा ध्यानात आलं. जानेवारी लागला तसं ते गावभर दिसायला लागलं. रस्त्यावरच्या खानावळीत दुपारी लाकूडतोडे यायचे ते बंद झाले, म्हणून मालकिणीने पॅस्टी, म्हणजे मांस-बटाट्याच्या मोठ्या करंज्या, करणं निम्म्यावर आणलं, म्हणून तिला बटाटे देणाऱ्याचे बटाटे पडून राहिले. सरकारचा पगार न खाणारी माणसंसुद्धा सरकारच्याच पगारावर जेवत होती. लोर्ना खानावळीत बसून हे सगळं विचारून घ्यायची. तुझं कशामुळे अडलं? आणि त्याचं? मालकीण म्हणाली, "तू काही विकत घेणार नसशील तर निदान प्रश्न तरी कमी विचार." पण कॉफी भरून दिली.

त्याच सुमारास एका सकाळी तिच्या ओसरीवर एक खोकं दिसलं. वर नाव नाही. लोर्नाने अर्थातच झाकण उघडलं. हरणाच्या मांसाच्या पुड्या, बटाटे, मुरवलेल्या बीटाची बरणी, वेलदोड्याचा पाव. चर्चतर्फे गरजूंना जिन्नस पोचवायचं काम वर्षानुवर्षं तिच्याकडे होतं, तेव्हा अशी खोकी ओसरीवर येणं काही नवीन नव्हतं. हे कुणासाठी, याचाही तिने लगेच विचार केला. तटरक्षक दलाच्या ठाण्यावर देल्गादो नावाचं तरुण जोडपं होतं, त्यांचाही पगार थांबलेला, पदरात तान्हं मूल. ती खोकं गाडीत घालून बर्फातून तिकडे गेली आणि त्यांच्या दारात ठेवून आली.

दुसऱ्या दिवशी तेच खोकं परत तिच्या ओसरीवर. सगळं जागच्या जागी, वर मिरच्या-टोमॅटोच्या लाल चटणीची एक बरणी जास्तीची.

"त्यांना नको का होतं?" ती म्हणाली.

रॉडने मान वर केली नाही. "अगं, ते आपल्यासाठी आलंय. आधीही आपल्यासाठीच होतं. त्या पोरांनासुद्धा कळलं."

झाकण उघडूनही आत काय आहे ते न कळण्याची लोर्नाची ती पहिलीच वेळ. मग तिने खोक्याची दोरी हातात घेतली आणि उलटसुलट करून पाहिली. गवताचे भारे बांधायची दोरी होती, आणि गाठ मासे धरायच्या जाळ्याची. भारे बांधणारा आणि जाळीही विणणारा माणूस त्या ओढ्यावर एकच उरला होता, वरच्या अंगाचा ओन्नी सारेला. ओन्नीकाकाने ऐंशी केव्हाच ओलांडली होती. त्याचे वडील सरोवरात ट्राउट धरायचे, मासे संपले तसे त्यांनी गाई घेतल्या. लोर्नाने त्याला काही विचारलं नाही. फक्त शनिवारी सौनाला तो यायचाच, तेव्हा सगळ्यांच्या आधी त्याच्या कपात कॉफी ओतली. त्यानेही काही विचारलं नाही. दोघांचं भागलं.

पण बीटं खाताना, ट्रकवरचं बर्फ झाडताना, झोपताना तिच्या डोक्यात एकच होतं. अंड्यांचं काय झालं? धक्का तिने स्वतःच्या हाताने दिला होता. ऐन निवडायच्या वेळी हात काढून घ्यावा लागला होता. पांढरी किती? कापूस धरला का? त्या ट्रेंमध्ये त्या वर्षीची सगळी पिल्लं होती. ती गेली तर वसंतात सरोवरात सोडायला काहीच नव्हतं, आणि त्यांना मारणारा धक्का तिचाच ठरला असता. हॅचरीच्या फाटकापर्यंत तिला जाता येत नव्हतं. गॅरेटला फोन करणं म्हणजे त्याला अडचणीत टाकणं.

तेव्हा तिने पीठ चाळायची चाळणी घेतली आणि सौनापुढच्या चरात आडवी रोवली.

वेचताना एखाददुसरं अंडं नळीतून निसटतं आणि पाण्याबरोबर बाहेर पडतं, हे तिला माहीत होतं. चाळणीत सकाळी दोन-तीन पांढरी अंडी सापडायची. ती त्यांना खिडकीशी नेऊन उजेडात बघायची. गुळगुळीत असली तर गॅरेट वेळेवर वेचतोय. अंगावर लव आली असली तर तो मागे पडतोय. रॉड म्हणायचा की चाळणीच काय, त्या चाळणीतल्या पिठाचा पावही आता सरकारजमा होईल. पहिला आठवडाभर गुळगुळीत आली. नंतर कधी लव, कधी गुळगुळीत. मग सलग चार दिवस लव.

"एकटा आहे," लोर्ना म्हणाली. "झोपतो कधी कोण जाणे."

त्यानंतरचा शनिवार. थंडी अशी की श्वास नाकातच गोठावा, आणि त्यावर सरोवराकडून वारा. दुपारी ती सौना पेटवायला गेली आणि बादली चरात बुडवली. बादली बुडाली नाही. खालच्या दगडांवर खरखरली.

ती वाकून बघत राहिली. पाणी घोट्याइतकंही नव्हतं. असं फक्त एकाच कारणाने होतं. वाऱ्याच्या थंडीत उघड्या ओढ्यात बर्फाचा रवा धरतो, तो वाहत खाली येतो आणि हॅचरीच्या बंधाऱ्यावरच्या जाळीला चिकटतो. जाळी बुजली की पाइपात पाणी शिरत नाही आणि अंड्यांच्या ट्रेखालचं पाणी थांबतं. एरवी अशा दिवशी दोन माणसं आळीपाळीने दाताळं घेऊन जाळीवर उभी असत. एक ओढतो, एक हात शेकतो.

तिने गॅरेटला फोन केला. वाजत राहिला. तेवढ्यात खांद्यावर टॉवेल टाकून ओन्नीकाका सौनाला आला. लोर्नाने त्याला चर दाखवला. म्हाताऱ्याने चराकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं.

"तो पोरगा एकटाच असणार जाळीवर," तो म्हणाला.

"मला जाता येत नाही, ओन्नीकाका. कुणालाच नाही. सरकारी जागेवर फुकट हात लावला तर त्याची नोकरी जाईल."

"सरकारची जागा पूर्वेच्या काठापर्यंत. पश्चिमेचा काठ माझा. माझ्या बापाने हॅचरीला पाणी दिलं होतं, ओढा नव्हता दिला." त्याने टॉवेल खुंटीला अडकवला. "फोन दे इकडे. आणि कॉफी ठेव, मोठ्या भांड्यात."

शनिवार असल्याने घरोघरी सौना पेटलेले आणि माणसं घरातच. ओन्नीने प्रत्येकाला तेवढंच सांगितलं. इर्जिक आहे, दाताळी आणा, पहारी आणा, सरकारी काठावर पाय टाकायचा नाही. थोड्याच वेळात रॉडच्या रिकाम्या ट्रकमधून सात-आठ माणसं बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला उतरली. खानावळीची मालकीण होती, तिचा बटाटेवाला होता, दुसरा एक ट्रकवाला, आणि तटरक्षक दलाच्या नारिंगी कोटातला देल्गादो.

पलीकडे गॅरेट होता. सकाळपासून तो तिथेच असावा. दाढीवर बर्फ, पापण्यांवर बर्फ. दाताळ्याने तो जाळीवरचा रवा ओढत होता, आणि एका टोकाकडून दुसरीकडे जाईतो पहिलं टोक पुन्हा बुजत होतं. मागे हॅचरीतली पाणी-थांबल्याची घंटा एकसारखी वाजत होती. माणसं बघून तो थांबला.

"मी तुम्हाला बोलावलेलं नाही," तो ओरडला. वाऱ्यातून आवाज अर्धाच पोचला. "मला बोलावता येत नाही. मला हे घेता येत नाही."

"तुला कोण काय देतंय?" ओन्नी म्हणाला. "माझ्या गाईंना पाणी प्यायचंय. मी माझा ओढा साफ करतोय."

"ओन्नीकाका, तुमच्या गाई विकून किती वर्षं झाली."

"त्यांना अजून सांगितलेलं नाही मी."

गॅरेट हसला की काय ते त्या दाढीतून कळलं नाही. माणसांनी स्प्रूस झाडाचे दोन ओंडके ओन्नीच्या काठावरून तिरपे पाण्यात सोडले, जाळीच्या बरेच वर. वाहत येणारा रवा त्यांना अडून गोळा व्हायला लागला, आणि तो दाताळ्यांनी ओढून काठावर टाकायचा. जाळीला कुणी हात लावला नाही. तिच्याकडे काही येऊच दिलं नाही, इतकंच.

लोर्नाने रॉडच्या हातचं दाताळं घ्यायला हात पुढे केला.

"लोर्नाबाई, तुम्ही नको," पलीकडून गॅरेट म्हणाला. पहिल्यांदाच मॅडम नव्हता म्हणाला. "इथलं पाणी माझं की त्यांचं, मला नक्की सांगता येत नाही. पण पगारपत्रकावर तुमचं नाव आहे. तुम्ही नको."

लोर्नाने हात कोटाच्या खिशात घातले. तिथे जमलेल्यांत ओढ्याशी आणि अंड्यांशी सगळ्यांत जास्त संबंध तिचा, आणि तिच्याच वाट्याला बघत उभं राहणं आलं. ती काठावर जितकं पुढे जाता येईल तितकी गेली.

"बोललेलं चालतं का?" तिने विचारलं.

गॅरेटने दाताळं टेकवून विचार केला. "शेजारीण म्हणून बोललात तर मला ऐकू येतं."

मग इतक्या दिवसांचे साठलेले प्रश्न तिने त्या पाण्यावरून एकेक करून विचारले. कुठवर वेचून झालं? कापूस कुठे धरलाय, कोपऱ्यात की मध्ये? अंड्यांत काही हलतंय का? गॅरेट दाताळं ओढत ओढत सांगत गेला. वरचे ट्रे स्वच्छ आहेत. मधल्यांवरून दुसऱ्यांदा हात फिरवलाय. खालच्या दोन रांगांपर्यंत तो चार दिवस पोचलाच नव्हता, तिथे कोपऱ्यांत कापूस होता. हलतंय का ते त्याला माहीत नव्हतं.

"कापसाचा गठ्ठा सुटा करत बसू नकोस," लोर्ना म्हणाली. "त्यात चार जिवंत दिसली तरी अख्खा उचल. चार जातील, बाकीची राहतील. मलाही पहिल्यांदा जमत नव्हतं ते."

"दोनदा उचलला. तिसऱ्या वेळी हातच होईना."

"पाणी थांबून किती वेळ झाला?"

"तास होऊन गेला. ओलं फडकं टाकलं तर अंधारात बराच वेळ तगतात, माहीत आहे मला. पण जाळी सोडून आत जाऊ कसा?" त्याने दाताळं हॅचरीच्या दाराकडे रोखलं. "आत गेलो तर जाळी बुजते. इथे राहिलो तर ट्रे सुकतात. सकाळपासून मी नुसता धावतोय."

लोर्नाने जाळीकडे पाहिलं. ती बोलता बोलता निम्म्याहून जास्त मोकळी झाली होती, आणि वरून आता जवळजवळ काहीच येत नव्हतं.

"तू जा," ती म्हणाली. "ओन्नीकाकाच्या गाई आज फार पाणी पिणार आहेत. आणि जाळीकडे मी नुसती बघते. बघायला तर कायदा नाही ना आडवा?"

गॅरेट एकदा जाळीकडे, एकदा पलीकडच्या माणसांकडे बघून वळला आणि पळाला. थोड्या वेळाने घंटा थांबली. वाजत होती तोवर तिचा आवाज इतका अंगवळणी पडला होता की ती थांबल्यावरच सगळ्यांनी माना वर केल्या.

अंधार पडायच्या आत वारा पडला आणि रवा धरायचा थांबला. लोर्ना घरी येऊन सरळ चराशी गेली. बादली टाकली, ती बुडाली. मग तिने सौनात लाकडं घातली. त्या संध्याकाळी गॅरेटलाही ओन्नी दंडाला धरून घेऊन आला. आर्कान्सासच्या माणसाला परक्या पुरुषांसमोर कपडे काढायची लाज वाटत होती. ओन्नी त्याला म्हणाला, आम्ही तुझा गोठलेला चेहरा पाहिला, आता बाकीचं काय उरलं? तो आत गेला, टोमॅटोसारखा लाल होऊन बाहेर आला आणि कपड्यांच्या खोलीतल्या बाकावर बसल्या बसल्या झोपला. लोर्नाने त्याच्यासमोर कॉफी आणि पाव ठेवला. ते तो शेजारी म्हणून घेऊ शकत होता की नाही, याचा निकाल त्याने अर्धवट झोपेत पाव तोंडात घालूनच लावला.

पुढच्या शुक्रवारी वॉशिंग्टनमध्ये सही झाली आणि सरकार पुन्हा सुरू झालं.

सोमवारी लोर्ना हॅचरीवर गेली तेव्हा गॅरेट दारातच उभा होता. त्याने किल्ली तिच्या तळहातावर ठेवली आणि बाजूला झाला. तिने कोट काढला नाही, बूट झटकले नाहीत. अंड्यांच्या खोलीतला अंधार, तो थंड ओला वास आणि पाण्याची बारीक कुजबुज, सगळं जागच्या जागी होतं. तिने अंड्यांना सोसतो तो लाल दिवा लावला आणि वरच्या नाही, सगळ्यांत खालच्या रांगेतल्या ट्रेशी गुडघ्यावर बसली.

तिथे मात्र तिचा हात झाकणावर थांबला. जन्मात पहिल्यांदा. गॅरेट मागे उभा होता. मग तिने झाकण उचललं.

एका कोपऱ्यात तळहाताएवढी जागा रिकामी होती. तिथून त्याने गठ्ठे उचलले होते, जिवंत अंड्यांसकट. दुसऱ्या कडेला अजून एक पट्टा गेलेला. पण बाकी सगळीकडे केशरी मणी होते, आणि प्रत्येकात दोन काळे डोळे. लोर्ना वाकून बघत राहिली. डोळे हलत होते. आतलं पिल्लू कूस बदलायचं, एक डोळा दिसेनासा व्हायचा, मग परत यायचा. आणि मधोमध एका अंड्याचं कवच फाटून त्यातून धाग्याएवढी शेपटी बाहेर आली होती आणि ती थरथरत होती.

"गॅरेट, हे कधीपासून?"

"काय?"

"हे. फुटायला लागलंय. तू पाहिलं नाहीस?"

तो तिच्या खांद्यावरून वाकला. "नाही," तो म्हणाला. "मी फक्त पांढरी बघत होतो. इतके दिवस मी चांगल्या अंड्याकडे पाहिलंच नाही."

लोर्नाने कोपऱ्यातलं तिचं बुटकं स्टूल पायाने पुढे ओढलं.

"बस इथे," ती म्हणाली. "पांढरी मी बघते. तू नुसतं बघ."

तो बसला. तिने भिंतीवरची रबरी फुग्याची नळी काढली, पाण्यात बुडवून एकदा दाबली, आणि वेचता वेचता त्याला विचारलं, त्याच्या तिकडच्या गरम तळ्यातल्या माशांची अंडी कशी असतात, त्यांचे डोळे कधी दिसतात, आणि फुटताना आधी शेपटी येते की डोकं.